पावसाळाभर पडून राहिलेली मोटारसायकल पुन्हां चालू करणें

शेतकऱ्याच्या वाहनांत आज मोटारसायकलीनें बैलगाडीस कधींच मागें टाकलें आहे. डेअरीवर दुधाच्या किटल्या पोंचविणें, तालुक्याहून औषधाचे डबे आणणें, रात्रपाळीच्या विजेवर पाणी धरण्यास मळ्यांत जाणें, आणि घरांत कोणी अत्यवस्थ झालें तर त्यास मध्यरात्रीं दवाखान्यांत नेणें, हीं सर्व कामें तिच्यावर चालतात. तथापि बैल कामावर नसला तरी त्यास वैरणपाणी करावें लागतें हें ज्यास कळतें, त्याच शेतकऱ्यास बेकार उभ्या असलेल्या यंत्राचीहि निगा ठेवावी लागते हें मात्र सहसा सुचत नाहीं.

थंड देशांत बर्फ पडूं लागला म्हणजे लोक अशीं वाहनें हिवाळाभर कोठारांत ठेवून देतात व वसंतऋतूंत बाहेर काढतात. आपल्याकडे तें काम पावसाळा करतो. काळ्या जमिनीच्या भागांत मृग लागला कीं मळ्याची वाट चिखलानें बंद होते आणि गाडी गोठ्याच्या पडवींत जाऊन उभी राहते. कित्येक ठिकाणीं मुलगा नोकरीसाठीं पुण्या-मुंबईस गेलेला असतो, वडिलांस गाडी चालवितां येत नाहीं, आणि चार महिन्यांचे दोन वर्षें केव्हां होतात हें कळतहि नाहीं. मग दसरा येतो. गाडी धुऊन, झेंडूची माळ घालून, हळदकुंकू लावून घरांतील तरुण मंडळी एकामागून एक किक मारूं लागतात. पूजा अवश्य करावी. पण किक मारण्याची घाई करूं नये. पडून राहिलेल्या गाडीचें खरें नुकसान पडून राहण्यानें जितकें होतें, त्याहून अधिक या पहिल्या अर्ध्या तासांत होतें.

प्रस्तुत लेखकाची नोकरी महसूल खात्यांत गेली. तेथील एक संवय या कामीं उपयोगी पडते, ती म्हणजे कोणत्याहि वस्तूस हात लावण्यापूर्वीं तिचा पंचनामा करणें. एक वही घ्यावी. गाडी किती महिने उभी होती, शेवटीं पेट्रोल केव्हां घातलें, तेल केव्हां बदललें, ती उभी करतांना चांगली चालत होती कीं बिघडली म्हणून उभी केली, हें घरच्यांस विचारून लिहावें. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. चालत असलेली गाडी ठेवलेली असेल तर दोष बहुधा पेट्रोल, बॅटरी व गंज या तिहींतच सांपडतो. बिघडलेली ठेवली असेल तर हे तिन्ही दोष मूळच्या दोषावर चढलेले असतात.

नंतर गाडी उजेडांत आणून डोळ्यांनीं पाहावी. उंदीर हा आपला जुना वैरी. धान्याच्या कणगीजवळ गाडी असली म्हणजे सीटखालीं व हवेच्या डब्यांत, म्हणजे जेथें एअर फिल्टर असतो तेथें, तो घरटें करतो आणि तारांवरचें वेष्टण कुरतडतो. सीट व बाजूचीं झांकणें काढून प्रत्येक तार बोटानें चांचपावी. हवेच्या डब्याचें झांकण उघडून फिल्टर पाहावा. सायलेन्सरच्या तोंडांत कुंभारीण माशी मातीचें घर करते, तें काडीनें कोरून काढावें. आमच्या भागांतील एका बागायतदारांची गाडी दीड वर्षानें बाहेर काढली असतां चालू होऊन लगेच गुदमरून बंद पडे. त्यांस पिस्टन-सिलिंडर नवें घालण्याचा सल्ला मिळाला होता, आणि ते पैसे मोजण्यासहि तयार झाले होते. पण डबा उघडल्यावर आंत ओंजळभर कापूस व भुईमुगाचीं टरफलें निघालीं. इंजिनास श्वासच मिळत नव्हता. फिल्टर नवा घातला, तारेच्या एका तुटलेल्या जागीं जोड दिला, व गाडी चालूं लागली.

गाडी कोठें उभी होती हेंहि पाहावें. युरिया व पोटॅशचीं पोतीं हवेंतील ओल ओढून घेतात, व पोटॅशमधील क्षार लोखंडास झपाट्यानें खातो. गोठ्यांतील मुताचा जो उग्र वास येतो तो अमोनियाचा. तो तांबें व पितळ यांस बाधतो, आणि विजेच्या तारांचीं टोकें तांब्या-पितळेचींच असतात. म्हणून गोठ्यांत राहिलेल्या गाडीचे तारांचे जोड एकेक सोडवून, हिरवा थर आलेला असल्यास बारीक पॉलिशपेपरनें घासून पुन्हां घट्ट बसवावे.

आतां मुख्य विषय पेट्रोलचा. जुन्या मंडळींस आठवत असेल कीं पूर्वींच्या राजदूत गाडींतील पेट्रोल सहा महिन्यांनींहि पेट घेई. आजचें पेट्रोल तें नव्हे. त्यांत आतां इथेनॉल मिसळलेलें असतें, आणि तें बऱ्याच अंशीं आपल्याच उंसाच्या मळीपासून व रसापासून होतें. देशांत हें प्रमाण २०२२ सालीं शेंकडा १० वर व २०२५ सालीं शेंकडा २० वर गेलें. उंसाच्या शेतकऱ्यानें त्याविरुद्ध तक्रार करणें शोभणार नाहीं. पण त्याचा स्वभाव ओळखून वागणें हें शहाणपणाचें आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतें. पावसाळी हवा टाकीच्या झांकणाच्या छिद्रांतून आंतबाहेर करीत असते, तिच्यांतील ओल पेट्रोलमध्यें मुरते, आणि ठराविक मर्यादेपुढें पाणी व इथेनॉल दोन्ही मिळून पेट्रोलपासून विभक्त होऊन तळाशीं जातात. गाडीची तोटी तळाशींच असते. म्हणजे इंजिनास पहिला घोट मिळतो तो पेट्रोलचा नव्हे, तर या पाणीमिश्रित थराचा. शिवाय हा थर टाकीच्या पत्र्यास आंतून गंज चढवितो. एप्रिल २०२३ पूर्वींच्या गाड्यांतील रबरी नळ्या या वीस टक्के मिश्रणासाठीं मुद्दाम बनविलेल्या नव्हत्या. त्या फुगलेल्या, चिरलेल्या किंवा कडक झालेल्या आढळल्यास तत्काळ बदलाव्या. नळींतून गळणाऱ्या पेट्रोलखालीं तापलेलें इंजिन असतें हें विसरूं नये.

पेट्रोल काढण्याचें काम उघड्यावर, भर दिवसा, चुलीपासून व गोठ्यांतील दिव्यापासून दूर करावें. जवळ बिडी ओढणारा कोणी नसावा. आधीं बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवावी. तोटीची नळी काढून पेट्रोल पत्र्याच्या किंवा पेट्रोलसाठींच केलेल्या डब्यांत उतरवावें, आणि त्यांतील थोडें स्वच्छ कांचेच्या बाटलींत घेऊन दहा मिनिटें स्थिर ठेवावें. खालीं निराळा थर दिसला, रंग काळसर-तांबूस झाला असला, किंवा पेट्रोलच्या नेहमींच्या वासाऐवजीं जुन्या वॉर्निशसारखा आंबट वास आला, तर तें पेट्रोल गाडींत पुन्हां घालूं नये. असें पेट्रोल कित्येक लोक बांधावर ओततात, कोणी तणावर टाकतात, कोणी चूल पेटविण्यास वापरतात. यांतील पहिल्या दोन गोष्टींनीं जमीन व विहिरीचें पाणी नासतें, आणि तिसरीनें माणूस भाजतो. तें डिझेल इंजिनांत किंवा ट्रॅक्टरमध्येंहि घालूं नये. लिटर-दोन लिटर असेल तर घट्ट झांकणाच्या डब्यांत, वर नांव लिहून, ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे सुटे भाग धुण्यासाठीं द्यावें. पेट्रोल चार-पांच महिन्यांचेंच असून स्वच्छ व एकजीव असेल, तर चालू झालेल्या गाडींत ताज्या पेट्रोलबरोबर थोडें थोडें मिसळून संपवितां येतें. पण चालू करण्याच्या वेळीं मात्र ताजेंच पाहिजे.

टाकी रिकामी झाल्यावर झांकणांतून आंत पाहावें. पाहण्यासाठीं काडी ओढण्याचा मूर्खपणा अद्यापहि घडतो. पेट्रोल ओतून टाकलेल्या टाकींत वाफ उरते, आणि ती भरलेल्या टाकीहून अधिक धोक्याची असते. हातांतील साधी विजेरीहि टाकीच्या आंत सोडूं नये, बाहेरूनच उजेड पाडावा. हलका तांबूस गंज असेल तर तोटी काढून भोंक बुचानें बंद करावें, टाकी प्रथम साबणाच्या पाण्यानें दोन-तीनदां धुवावी, आणि लिटरभर कोमट पाण्यांत सुमारें ५० ग्रॅम लिंबूसत्त्व या हिशेबानें पाणी करून टाकी कांठोकांठ भरावी. एक दिवस-रात्र ठेवून तें पाणी काढावें, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें खळबळावें, मग स्वच्छ पाण्यानें धुऊन उन्हांत पूर्ण वाळवावी. वाळतांच लगेच, त्याच दिवशीं, थोडें पेट्रोल व चमचाभर इंजिन ऑइल आंत फिरवावें. नाहीं तर उघडा पडलेला पत्रा दुसऱ्या दिवशीं पुन्हां तांबूस होतो. गंजाचे पापुद्रे जाड असतील तर मूठभर नट टाकींत टाकून ती हलवावी, व शेवटीं नट मोजून काढावे. टाकावयाचे किती ते आधीं वहींत लिहून ठेवलें तर हिशेब जुळतो.

टाकीस भोंक पडलेलें असल्यास एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. अशी टाकी वेल्डिंगच्या दुकानीं नेऊन तिला डाग देऊन आणण्याची पद्धत खेड्यांत आहे. रिकामी दिसणारी टाकी ठिणगी लागतांच बॉम्बासारखी फुटते. ज्यास या कामाची रीत माहीत नाहीं अशा वेल्डरकडे टाकी कधींहि देऊं नये. नवी किंवा चांगली जुनी टाकी घेणें हेंच स्वस्त.

पेट्रोल टाकींतून ज्या यंत्रांत जातें तें जुन्या गाड्यांत कार्ब्युरेटर होय. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम लागूं झाल्यावर नव्या गाड्यांत बहुतेक ठिकाणीं त्याच्या जागीं इंजेक्शनची पद्धत आली. आपली गाडी कोणती हें ओळखण्याची खूण अशी: टाकीखालीं पेट्रोलची तोटी व हॅण्डलजवळ किंवा इंजिनाजवळ चोकचा खटका असेल तर ती कार्ब्युरेटरची. किल्ली फिरवितांच टाकींतून क्षणभर पंपाचा गुणगुणाट ऐकूं येत असेल तर ती इंजेक्शनची. इंजेक्शनच्या गाडीचा पंप व नोझल घरीं उघडूं नयेत. जुनें पेट्रोल काढून ताजें घालावें, बॅटरी पूर्ण भरावी, आणि किल्ली चालू करून गुणगुणाट थांबेपर्यंत वाट पाहावी. असें तीनदां केल्यावर मग स्टार्टर दाबावा. गुणगुणाट अजिबात नसेल तर आधीं फ्यूज पाहावा, आणि तो चांगला असल्यास पंप अडकला असें समजून जाणत्याकडे न्यावी.

कार्ब्युरेटर मात्र शेतकऱ्यास साफ करतां येण्याजोगा आहे, आणि पडून राहिलेल्या दहांपैकीं बहुतेक गाड्या येथेंच अडतात असें फिटर लोक सांगतात. त्याच्या खालच्या वाटींत दोन-चार चमचे पेट्रोल नेहमीं सांठलेलें असतें. गाडी उभी राहिली म्हणजे तें उडून जातें व मागें डिंकासारखा चिकट थर राहतो. हा थर जेट नांवाच्या बारीक भोंकाच्या पितळी नळींत बसतो. जेट दोन असतात, मोठा व लहान. लहान जेट मंद चालीवर पेट्रोल देतो. त्याचें भोंक सुईच्या अग्राहून थोडेंच मोठें असल्यामुळें तेंच आधीं बुजतें. गाडी चोक ओढल्यावर चालते, चोक सोडतांच किंवा ॲक्सिलरेटर सोडतांच बंद पडते, असें झालें तर लहान जेट बुजला हें जवळजवळ निश्चित समजावें.

वाटीचे स्क्रू गंजलेले असतात व त्यांचीं डोकीं मऊ असतात. बरोबर मापाचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन, वर दाब देऊन फिरवावा. आधीं थोडें गंज सोडविण्याचें तेल सोडून एक रात्र ठेवलें तर अधिक चांगलें. वाटी काढल्यावर फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा भाग, हळूच पाहावा व तो वांकवूं नये. जेट काढून पेट्रोलमध्यें किंवा कार्ब्युरेटर साफ करण्याच्या फवाऱ्यानें भिजवावे, टायरच्या पंपानें हवा मारावी, आणि आकाशाकडे धरून आरपार पाहावें. भोंक पूर्ण गोल दिसलें पाहिजे. पोलादी सुई किंवा तार घालूं नये. पितळ मऊ असतें, भोंक वाढतें, आणि मग गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिते. फारच अडलें तर विजेच्या वायरींतील तांब्याचा एक धागा वापरावा. बाजूस हवेचा किंवा मिश्रणाचा जो एक स्क्रू असतो तो काढण्यापूर्वीं अलगद पूर्ण आंत फिरवून किती फेरे झाले तें वहींत लिहावें, व परत बसवितांना तितकेच फेरे मोकळा करावा. हा आंकडा न लिहिल्यामुळें पुढें दिवसच्या दिवस वायां जातात.

आतां इंजिन. किक मारण्यापूर्वीं प्लग काढून त्याच्या भोंकांतून लहान चमचाभर इंजिन ऑइल सिलिंडरमध्यें सोडावें व रात्रभर ठेवावें. पावसाळ्यांत सिलिंडरच्या आंतील भिंतीवरचें तेल ओघळून जातें, तेथें गंजाचा पातळ थर येतो, आणि कोरड्या सिलिंडरमध्यें किक मारली कीं पिस्टनच्या रिंगा त्या गंजानें घासल्या जातात. दुसऱ्या दिवशीं गाडी मधल्या स्टँडवर चढवून, वरचा गिअर टाकून, मागचें चाक हातानें पुढें फिरवावें. इंजिन सहज फिरलें तर उत्तम. अडलें तर जोर करूं नये. आणखी तेल सोडून दोन-चार दिवस थांबावें व रोज थोडें मागेंपुढें हलवून पाहावें. किकवर उभें राहून उड्या मारणें, किंवा ट्रॅक्टरला दोर बांधून ओढणें, यानें रिंगा तुटतात, आणि शेंकड्यांत सुटणारें काम हजारांत जातें. फिरूं लागल्यावर प्लगच्या भोंकावर फडकें धरून, किल्ली बंद ठेवून, आठ-दहा किका माराव्या, म्हणजे जादा तेल बाहेर पडतें. मग भोंकावर आंगठा दाबून एक किक दुसऱ्याकडून मारवावी. आंगठा जोरानें ढकलला गेला तर इंजिनांत दम आहे असें समजावें.

प्लग फार जुना असेल तर घासत बसण्यापेक्षां नवा घ्यावा. त्याच्या टोंकांतील अंतर गाडीच्या माहितीपुस्तकांत दिलेलें असतें, तें जुळवून घ्यावें. ठिणगी पाहतांना प्लग टोपींत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनास टेकवावा, पण सिलिंडरच्या उघड्या भोंकापासून दूर. त्या भोंकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते.

तेलाची पट्टी पुसून पाहावी. तेल दुधाळ दिसलें तर त्यांत पाणी गेलें आहे, आणि तें चालू करण्यापूर्वींच बदललें पाहिजे. तेल स्वच्छ असून गाडी एकच पावसाळा उभी असेल तर तूर्त त्यावर चालू करून, इंजिन गरम झाल्यावर बदलावें, म्हणजे तळचा गाळ तेलाबरोबर वाहून जातो. घरांत ट्रॅक्टरचें तेल आहे म्हणून तें घालण्याचा मोह शेतकऱ्यास होतो. तो टाळावा. मोटारसायकलींत क्लचच्या प्लेटा त्याच तेलांत बुडालेल्या असतात. भलतें तेल घातल्यास त्या घसरूं लागतात. डब्यावर ‘जासो एम्-ए’ अशी खूण पाहून चारचाकीचें नव्हे तर दुचाकीचेंच तेल घ्यावें. शंभर सी.सी. च्या गाडीस साधारण लिटरभर किंवा थोडें कमी पुरतें. याच प्लेटा फार दिवस उभ्या गाडींत एकमेकींस चिकटतात. क्लच पूर्ण दाबूनहि गाडी गिअरमध्यें पुढें ढकलली जात नसेल तर हें कारण होय. इंजिन बंद ठेवून, वरचा गिअर टाकून, क्लच दाबून गाडी पुढेंमागें झटकत राहावी, बहुधा सुटतात. त्या सुटल्याची खात्री होईपर्यंत चालू गाडी गिअरमध्यें टाकूं नये, नाहीं तर ती भिंतीवर जाते.

बॅटरीविषयीं थोडक्यांत. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी, गाडीपासून सुटी व विसांवलेली असतां, मीटरवर १२.६ किंवा अधिक दाखविते. १२ च्या खालीं आली म्हणजे ती जवळजवळ रिकामी. रिकाम्या स्थितींत महिनोगणती राहिलेल्या बॅटरीच्या शिशाच्या पट्ट्यांवर कठीण पांढरा थर बसतो, व ती मग चार्ज दाखविते पण धरीत नाहीं. पाण्याच्या बॅटरींत केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावें; विहिरीचें तर नाहींच, आणि घरांतील फिल्टरचेंहि नाहीं. चार्ज करतांना प्रवाह बॅटरीच्या ॲम्पिअर-तासांच्या दहाव्या हिश्शाइतका ठेवावा, म्हणजे ५ ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीस अर्धा ॲम्पिअर. ट्रॅक्टरचा मोठा चार्जर लावल्यास ती उकळते. चार्ज होतांना पेट घेणारा वायु निघतो, म्हणून खोली बंद नसावी. तारा सोडतांना ऋण आधीं, जोडतांना धन आधीं.

आतां ताजें पेट्रोल दोन लिटर घालून, तोटी उघडून, कोठें गळत नाहीं हें पांच मिनिटें थांबून पाहावें. गाडी अंगणांत असावी. गोठ्यांत किंवा बंद पडवींत चालू करूं नये, कारण धुरांतील विषारी वायूस रंग व वास नसतो, आणि माणूस व जनावर दोन्हीं त्यानें मरतात. चोक ओढून, ॲक्सिलरेटर न पिळतां, सावकाश पूर्ण किक मारावी. आठ-दहा किकांत पकड न आल्यास थांबून प्लग काढावा. ओला असेल तर पेट्रोल अधिक गेलें आहे, तो वाळवून चोकशिवाय पाहावें. कोरडा असेल तर पेट्रोल पोंचत नाहीं, पुन्हां तोटी व वाटीकडे वळावें. चालू झाल्यावर पहिलीं दोन-तीन मिनिटें निळसर-पांढरा धूर येतो, तो आपणच सोडलेल्या तेलाचा, भिऊं नये. त्या वेळीं ॲक्सिलरेटर पिळून गर्जना करण्याची हौस मात्र आवरावी, कारण वरपर्यंत तेल अजून चढलेलें नसतें.

गाडी चालू झाली म्हणजे काम झालें असें समजणारे पुष्कळ असतात. गाडी चालली नाहीं तर शेतकरी घरीं राहतो. ती थांबली नाहीं तर तो घरीं परत येत नाहीं. मागें पत्नी, पुढें मूल, दोन्ही बाजूंस किटल्या, आणि उतारावर ऊंस भरलेला ट्रॅक्टर आडवा, अशी वेळ कोणावरहि येऊं शकते. म्हणून रस्त्यावर नेण्यापूर्वीं दोन्ही चाकें उचलून ब्रेक दाबून-सोडून पाहावें. दाबल्यावर चाक घट्ट धरलें पाहिजे आणि सोडल्यावर मोकळें फिरलें पाहिजे. सोडूनहि धरून राहत असेल तर ड्रमच्या आंतील दांडी गंजली आहे. चाक काढून, दांडी साफ करून, किंचित् ग्रीस देऊन बसवावी. ग्रीस शूवर लागतां कामा नये. आंतील धूळ तोंडानें फुंकूं नये, जुन्या शूमध्यें ॲस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्यानें पुसावी. डिस्क ब्रेकचें तेलहि इथेनॉलप्रमाणें ओल ओढतें; दोन वर्षें झालीं असतील तर टोपीवर लिहिलेल्या जातीचेंच नवें तेल घालवून घ्यावें, व हें काम जाणत्याकडून करवावें.

टायर भरले म्हणून चांगले असें नाहीं. टायरच्या कुशीवर लांबट गोलांत चार आंकडे असतात. ‘२३१८’ असल्यास तो २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत झालेला. नक्षी शाबूत असली तरी कुशीवर जाळीसारख्या भेगा असतील तर तो टायर तालुक्याच्या रस्त्यावर नेऊं नये. चेन डिझेलनें धुऊन तेल द्यावें. ताठ झालेल्या कड्या सुटत नसतील तर चेन नवीच घ्यावी. क्लच, ब्रेक व ॲक्सिलरेटरच्या केबलींत तेल सोडावें, आणि ॲक्सिलरेटर पिळून सोडला असतां स्वतः परत येतो हें अवश्य पाहावें.

पहिली फेरी खळ्याभोंवतीं, दुसरी शिवारापर्यंत. परत येऊन नट-बोल्ट पुन्हां आवळावे.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करूं नये, हें लेखकाच्या पूर्वींच्या धंद्यामुळें सुचतें असें कोणी म्हणेल. परंतु सातबारा चोख ठेवणारे लोकहि गाडीचा विमा संपल्याचें जाणत नाहींत. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीस तृतीय पक्षाचा विमा एकदम पांच वर्षांचा मिळूं लागला. त्यामुळें तो कधीं तरी संपतो हेंच विस्मरणांत जातें. विम्याशिवाय अपघात झाला तर समोरच्याच्या भरपाईचा बोजा मालकावर, पर्यायानें जमिनीवर येतो. धुराचें प्रमाणपत्र, आणि गाडी पंधरा वर्षांची झाली असल्यास नोंदणीचें नूतनीकरण, हींहि पहिल्या फेरीआधीं पाहावीं.

पुढच्या मृगापूर्वीं करावयाचें काम एका सकाळचें आहे. तेल बदलावें. पत्र्याची टाकी एक तर गळ्यापर्यंत भरावी किंवा पूर्ण रिकामी करावी; अर्धवट ठेवूं नये, कारण मोकळ्या जागेंतच ओल धरते. तोटी बंद करून कार्ब्युरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून तींतील पेट्रोल काढावें. बॅटरी काढून घरांत फळीवर ठेवावी व महिन्यांतून एकदां चार्ज करावी. गाडी मधल्या स्टँडवर, खतापासून व गोठ्यापासून दूर उभी करावी. वरून घट्ट प्लास्टिक गुंडाळल्यास आंत घाम धरतो. जुनें सुती धोतर किंवा चादर पुरे. आठवड्यास दोन मिनिटें चालू करून बंद करण्याची जी पद्धत आहे, तिनें सायलेन्सरमध्यें पाणी सांचण्यापलीकडे कांहीं साधत नाहीं. चालविणें असेल तर उघाडीच्या दिवशीं पंधरा-वीस मिनिटें रस्त्यावर न्यावी, नाहीं तर हात लावूं नये. सायलेन्सरच्या तोंडांत फडक्याचा बोळा घालावा, आणि तो आंत आहे याची खूण म्हणून हॅण्डलला तांबडी चिंधी बांधून ठेवावी.